कॅशलेस पॉलिसी, अडीच स्टार

वडलांना सात रस्त्याजवळ एका हॉस्पिटलात ॲडमिट केलेलं. कॅशलेसची मंजुरी तासाभरात आली, पण २०२४ पासून आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियमच आहे तसा, त्यात उपकार कसले. दुसऱ्या दिवशी बघतो तर चार्टवरचं इंजेक्शन खोडून बाजूला दुसरंच लिहिलेलं, विचारलं तर ब्रदर म्हणतो, "काका, तुमच्या पॅकेजमध्ये हेच बसतंय बघा." म्हणजे औषध डॉक्टर ठरवणार का इन्शुरन्सवाला ओ? स्वस्त औषध वाईटच असं नाय, जनऔषधीच्या गोळ्या मी पण खातो, पण आधी सांगायचं की! औषध कंपन्यांनी डॉक्टरला गिफ्ट द्यायचं नाही म्हणून २०२४ लाच आचारसंहिता आली, ती इन्शुरन्सवाल्यांना लागू नाही. डिस्चार्जची मंजुरी तीन तासात पाहिजे, आम्हाला सहा लागले. कॅन्टीनचा चहा मात्र झकास.