वॉचमनकाकांची शेकोटी आणि 'नॉट डिटेक्टेड' (जीसी-एमएस टेस्टिंग, 5 पैकी 3 स्टार)

जानेवारीत थिसिससाठी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर हाय-व्हॉल्यूम सॅम्पलर (हवा खेचून तिच्यातली धूळ फिल्टरवर पकडणारं मशीन) लावून पीएम 2.5 चे, म्हणजे अतिबारीक धुळीचे, 12 क्वार्ट्झ फिल्टर जमवले आणि त्यातले ऑर्गॅनिक कंपाउंड जीसी-एमएसवर (जीसीच्या कॉलममध्ये रसायनं वेगळी होतात, मग मास स्पेक्ट्रोमीटर ती वजनावरून ओळखतो) मोजायला पुण्यातल्या एका प्रायव्हेट लॅबमध्ये दिले. नाव लिहीत नाही, शेवटी त्यांनी निस्तरलं म्हणून.

पीएएच, म्हणजे अर्धवट जळण्यातून धुरात येणारी कडीदार रसायनं, त्यांचं काम एक नंबर. बेन्झो-ए-पायरीन आणि बेन्झो-ई-पायरीन, दोघांचं वजन 252, मास स्पेक्ट्रोमीटरला ते जुळे भाऊच, त्यांना कॉलममध्येच वेगळं करावं लागतं आणि यांच्या क्रोमॅटोग्रामवर दोन्ही पीक सुटी सुटी दिसत होती. आपल्याकडे लिमिट फक्त 'ए'ला आहे, वर्षाची सरासरी 1 नॅनोग्रॅम प्रति घनमीटर, त्यामुळे दोन्ही एकत्र धरली की आकडा उगाच फुगतो. ड्यूटेरियमवाली स्टँडर्डं (जड हायड्रोजनवाली तीच रसायनं, ठरलेल्या प्रमाणात टाकली की वाटेत किती हरवलं ते कळतं) पण न सांगता घातली होती.

मग आलं लेव्होग्लुकोसान. लाकूड, पालापाचोळा जळला की त्यातल्या सेल्युलोजपासून हे बनतं. आमचे वॉचमनकाका रोज रात्री खालीच शेकोटी पेटवायचे, फिल्टरला अक्षरशः धुराचा वास येत होता, आणि रिपोर्टमध्ये बाराच्या बारा 'नॉट डिटेक्टेड'! फोन केला तर "मॅडम, मशीनला दिसलं नाही म्हणजे नाहीये." म्हटलं सर, हे साखरेच्या जातीचं, नुसत्या डायक्लोरोमिथेन सॉल्व्हंटमध्ये नीट उतरत नाही आणि बीएसटीएफए टाकून सिलायलेशन केल्याशिवाय (म्हणजे रेणूला सिलिकॉनची टोपी घालून सहज उडेल असा केल्याशिवाय) जीसीतून धड बाहेर पण येत नाही, तुम्ही पीएएचसाठी फिल्टरवरून उतरवलेल्या एक्स्ट्रॅक्टमध्येच शोधलंत का? जरा वेळ शांतता. हो, तेच केलं होतं. फिल्टरच्या उरलेल्या तुकड्यांवर मिथेनॉल घालून परत केलं तर 217 वजनावर, म्हणजे लेव्होग्लुकोसानच्या खुणेवर, पीक ताडासारखं उभं. जादा पैसे मागितले नाहीत, पण तीन आठवडे गेले आणि गाईडची बोलणी मी खाल्ली.

एक घोळ माझापण. ब्लँकमध्ये (हवा न खेचलेल्या कोऱ्या फिल्टरमध्ये) 149 वजनाचं मोठं पीक, म्हणजे थॅलेट, प्लॅस्टिकमधलं. आधीचं ऑर्गॅनिक जळून जावं म्हणून फिल्टर 550 डिग्रीला भाजून घेतले होते आणि नंतर फॉइल संपली म्हणून मीच दोन झिपलॉकमध्ये कोंबले, शहाणी. लॅबने हे स्वतःहून दाखवलं, ब्लँक वजा करून गप्प बसले नाहीत, नाहीतर 2 च स्टार देणार होते.

जाणार असाल तर 4 च्या आधी जा, काउंटर बंद होतो. आणि फिल्टरचा बर्फाचा डबा तुमच्यासमोर फ्रीजमध्ये ठेवायला लावा, माझा अर्धा तास सिक्युरिटीच्या टेबलावर उन्हात होता, हलके पीएएच अशानेच उडून जातात.