पगार कापला: निरीक्षकाकडे तक्रार की थेट दावा?

महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधल्या ठेकेदाराने किमान वेतनापेक्षा कमी पगार हातावर ठेवला, तर कामगारापुढे दोन वाटा असतात.

पहिली, कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे तक्रार. गुन्हा सिद्ध झाला तर ५० हजारांपर्यंत दंड. ५ वर्षांत पुन्हा तेच केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकावर वचक बसतो, पण दंड जातो सरकारच्या तिजोरीत.

दुसरी, नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहिता या कायद्याखाली प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, दावा. इथे थकलेले पैसे कामगाराला मिळतात, शिवाय दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. दावा लावायची मुदत ३ वर्षांची. आणि पूर्ण पगार दिला हे सिद्ध करायचं ते मालकाने! पुरावा नाही म्हणून गप्प बसलेल्या कितीतरी बायाबापड्यांना हे कोणी सांगतच नाही. नोंदणीकृत युनियनही त्यांच्या वतीने दावा लावू शकते.

माझं मत स्पष्ट आहे: घरभाडं थकलंय, तर आधी दावा. सगळ्या गँगचाच पगार कापला जात असेल, तर सोबत तक्रारही करा. मात्र हजेरी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, गेटपास आणि बँकेचे मेसेज आजच जपून ठेवा.