आखाजीचे मांडे: अमळनेरच्या एका घरातून घेतलेले

अमळनेरला आमच्या माहेरच्या घरामागील गल्लीत, एका घरात आखाजीच्या सुमारास खापरावरचे मांडे, म्हणजे मातीच्या उपड्या खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या, करून मिळतात. दाराला पाटी नाही आणि छापील दरपत्रकही नाही. एक वयस्कर मावशी, त्यांची सून आणि शेजारच्या काकू अशा तिघी हे काम करतात आणि ओळखीतूनच मागणी घेतात. यंदा मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच मांडे घेतले. ते का घ्यावे लागले हे सांगितल्याशिवाय ते कसे होते हे मला नीट सांगता येणार नाही.

आईला जाऊन दोन वर्षे झाली. खानदेशाबाहेर अक्षय्य तृतीया म्हणून जो दिवस ओळखला जातो, ती आमची आखाजी, आणि ती एकाच वेळी माहेरवाशिणींची आणि पितरांची असते. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला असतो आणि आत देवघराजवळ पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरलेली असते. घागरीवर मातीचे छोटे भांडे, त्यावर डांगर (खरबूज), सांजोऱ्या आणि आंबे. मी लग्नानंतर सुरतेला गेले, आणि दर वैशाखात भुसावळकडे जाणारी गाडी पकडून चार दिवस अमळनेरला यायचे. आई चुलीपाशी असायची. मी मदतीला गेले की ती मला उठवायची आणि म्हणायची, माहेरी आली आहेस, झोक्यावर जा. तिने मला वर्षातले ते चार दिवस विश्रांती दिली, आणि त्या विश्रांतीमुळेच मी मांडे करायला कधी शिकले नाही. गेल्या आखाजीला घरात पुरण शिजले नाही. माझे वडील, अप्पा, दिवसभर ओट्यावर बसून होते.

म्हणून यंदा चार दिवस आधी त्या घरी गेले. मावशींनी किती हवेत हे विचारण्याआधी विचारले, "तुनी माय कशी करे?" पुरण नुसत्या गुळाचे की थोडी साखर घालून, जायफळ की वेलची, काठ जाड की पातळ, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मला यातले एकही सांगता येईना. चाळीस वर्षे जे खाल्ले त्याची कृती सोडाच, चवही मला शब्दांत सांगता आली नाही. घरी येऊन अप्पांना विचारले. आयुष्यात स्वयंपाकघरात फारसे न गेलेले अप्पा क्षणभरही न थांबता म्हणाले, "नुसता गूळ, वेलची, आणि चिमूटभर सुंठ. जायफळ तिला चालत नसे." या सेवेबद्दल मला सर्वांत चांगले म्हणायचे असेल तर ते हेच, की त्यांच्या प्रश्नामुळे आमच्या घरात दोन वर्षांनी आईबद्दल बोलणे सुरू झाले. त्या संध्याकाळी अप्पा बराच वेळ बोलत राहिले.

आता मांड्यांविषयी. गहू ओलवून, सुकवून दळलेले पीठ या तिघी कापडातून गाळून घेतात, आणि ती मेहनत पोळीत कळते. कणीक भरपूर पाणी लावून इतकी तिंबलेली होती की पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवताना तो कोपरापर्यंत उतरला तरी कुठे फाटला नाही. उपड्या खापराखाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ होता. गॅस त्या या कामाला वापरत नाहीत, आणि मला ते योग्य वाटते, कारण मातीच्या तापाचा तो वास दुसऱ्या कशातून येत नाही. मांडा आतून मऊ, वरून जागोजागी तांबूस डाग पडलेला आणि काठापर्यंत पुरण पोहोचलेला होता. एका मांड्याचे त्यांनी ८० रुपये घेतले. उन्हाच्या दिवसांत, चुलीसमोर बसून केलेल्या कामाला हे पैसे मला कमीच वाटले.

उणिवाही सांगायला हव्यात. सकाळी ९ वाजता मिळणार असलेले मांडे ११ वाजता हाती आले, आणि पितरांना नैवेद्य दाखवायचा असताना हा उशीर जिवाला लागतो. गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घातल्यामुळे खालचे दोन ओलसर झाले होते. सोबत घेतलेली रशी, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची आमटी, माझ्या मते फिकी होती. आमच्याकडे ती झणझणीत लागते, तेव्हाच आमरस आणि मांड्यांच्या गोडाला तोड मिळते. मी हे मावशींना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते मनावर घेतले.

वाट पाहण्याच्या त्या दोन तासांत माझी आठ वर्षांची मुलगी खापराशेजारी जाऊन बसली होती. सुनेने तिच्या हातावर कणकेचा लहानसा गोळा ठेवला. मी सवयीने म्हणणार होते की झोक्यावर जा, आणि थांबले. तिचा मांडा तळहाताएवढा झाला आणि मधेच फाटला. तो त्यांनी वेगळ्या कागदात बांधून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी उंबरठा पुसून त्यावर कुंकवाची बोटे उमटवायची होती, प्रत्येक बोटाला एका पितराचे नाव घेत. हे काम आई करायची आणि तिला सगळी नावे पाठ होती. यंदा अप्पा नावे सांगत गेले आणि मी बोट टेकवत गेले. आजोबा झाले, पणजोबा झाले, आणि मग अप्पा गप्प झाले. आईचे नाव मलाच घ्यावे लागले. मुलीने ते ऐकून विचारले, हे कोण? तिला आजी एवढेच ठाऊक होते. मी सांगितल्यावर तिने ते नाव पुन्हा एकदा मोठ्याने म्हटले आणि माझ्या बोटाशेजारी स्वतःचे बोट टेकवले. मग चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर नैवेद्याचा घास, टाकताना पहिला घास त्या फाटक्या मांड्यातला द्यायचा असा तिने हट्ट धरला, आणि अप्पांनी तो मानला.

अप्पांनी दीड मांडा खाल्ला. सुंठ बरोबर आहे म्हणाले, वेलची थोडी कमी.

घ्यायचे असतील तर मागणी निदान चार दिवस आधी सांगावी, स्वतः जाऊन आणावेत आणि न्यायला सुती फडके नि पसरट परात सोबत ठेवावी. मी पुढच्या आखाजीचे आठ मांडे आताच सांगून ठेवले आहेत, आणि आदल्या दिवशी मुलीला घेऊन पीठ गाळायला येते, असेही मावशींना सांगितले आहे.