परसातल्या बोरीवरची भुरी : गंधक की आंबट ताक?

ज्यांच्या परसात उमराण जातीच्या बोरीची एकदोन कलमे आहेत, त्यांना भुरी या बुरशीजन्य रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. पाऊस ओसरून रात्री गार पडू लागल्या की नुकत्याच धरलेल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या बोरांवर पीठ भुरभुरल्यासारखा थर दिसतो. पुढे तीच बोरे तपकिरी व खरबरीत होऊन तडकतात आणि दिवाळीच्या सुमारास झाडाखाली त्यांचा सडा पडतो. यावर लातूरकडच्या घरांत प्रामुख्याने दोन उपाय केले जातात. एक, कृषी सेवा केंद्रातून आणलेले पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक आणि दुसरा, घरचे आंबट ताक. मी पहिले तीन हंगाम ताक वापरले व त्यानंतर गंधकाकडे वळलो. त्यामुळे हा आढावा अगदी तटस्थ आहे, असा दावा करता येणार नाही.

हेक्झाकोनाझोलसारख्या आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषल्या जाणाऱ्या, औषधांचा विचार मी फार काळ केला नाही. त्यांचा गुण लवकर येतो हे खरे. परंतु फवारणीनंतर फळ किती दिवस तोडू नये याचे बंधन गल्लीतील मुलांना समजावणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. बोर पिवळे होण्याची वाट पाहणारे मूल अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

ताकाची बाजू लंगडी आहे, असे मुळीच नाही. ब्राझीलमधील बेत्तिओल या संशोधकाने हरितगृहातील झुकिनीवर (भोपळ्याच्या कुळातील एक फळभाजी) गाईचे दूध पाण्यात मिसळून फवारले आणि त्याने भुरी आटोक्यात येते, हे 1999 मध्ये प्रसिद्ध केले. ते दूध होते आणि पीकही निराळे होते. तरीही आपल्याकडील जुन्या माणसांचा ताकावरचा विश्वास निराधार नसावा, एवढे त्यावरून म्हणता येते. मी चार-पाच दिवसांचे आंबलेले ताक एक लिटर व पाणी नऊ लिटर असे प्रमाण ठेवीत असे. भुरी दिसू लागताच दर आठवड्याला फवारणी केली, तर निम्म्याहून अधिक बोरे हाती लागत, असा माझा अंदाज आहे; मोजदाद मी कधी केली नाही.

मला ताकापासून दूर नेले ते पंपाच्या नोझलने. घरी घुसळलेल्या ताकात लोण्याचे बारीक कण राहतातच. ते जुन्या धोतराच्या दुहेरी कापडातून गाळले तरी सकाळच्या गारव्यात नळीत पुन्हा गोळा होतात आणि चार फांद्या होतात न होतात तोच फवारा तुटून नोझलमधून नुसती धार लागते. मग नोझल उघडायचे, आतली चकती काढायची, केरसुणीच्या काडीने छिद्र मोकळे करायचे, पुन्हा दाब भरायचा. एका झाडाला असे पाच-सहा वेळा. हाताला येणारा आंबट वास साबणाने धुतला तरी दुपारच्या जेवणापर्यंत जात नाही. एकदा पंप न धुता तसाच ठेवला, तर आठवड्याने आतील रबरी वायसर इतका बुळबुळीत व फुगलेला निघाला की तो बदलावाच लागला. डेअरीचे मलई काढलेले ताक घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो, असे शेजारी सांगतात आणि ते बरोबरही असेल. परंतु विकतचेच आणायचे, तर ताकाचा मुख्य फायदा काय उरला, असा प्रश्न मला पडतो. शिवाय येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, जवळ आली की घरातील सारे ताक आंबिलीकडे वळते आणि त्या काळात बोरीसाठी ते मागण्याचे धाडस मी केलेले नाही.

गंधकाचेही नखरे आहेत. ते पाण्यात विरघळत नाही, केवळ तरंगत राहते, म्हणून पंप अधूनमधून हलवावा लागतो. मात्र दाणेदार प्रकार आधी तांब्याभर पाण्यात कालवून घेतला, तर नोझल अडत नाही. दहा लिटर पाण्याला 25 ग्रॅम मला पुरेसे वाटते आणि दोन फवारण्यांमध्ये पंधरा दिवसांचे अंतर ठेवता येते. ताकाच्या आठवडी पाळीपुढे हा मोठा दिलासा आहे. धोका आहे तो उन्हाचा. एका वर्षी ऑक्टोबरच्या कडक उन्हात भर दुपारी फवारले आणि तिसऱ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. तेव्हापासून ऊन उतरल्याखेरीज मी पंपाला हात लावत नाही. फळमाशीसाठी निंबोळी तेल फवारले असेल, तर त्यानंतर किमान दोन-तीन आठवडे गंधक टाळावे, कारण तेल आणि गंधक एकत्र आले की पाने भाजतात. घाईच्या दिवसांत हे अंतर पाळणे अवघड जाते, हे मान्य करावे लागेल.

दोहोंपैकी काहीही निवडले तरी उन्हाळ्यातील छाटणी चुकवू नये. एप्रिलअखेर झाड पानगळीत असताना दाट फांद्या काढून गळलेली पाने व वाळलेली बोरे गोळा करून जाळली, तर पुढील हंगामात रोग उशिरा येतो, असे मला आढळले आहे. आणि फवारणी भुरी दिसल्यावर नव्हे, तर फळे धरू लागताच सुरू करावी. हे ताकापेक्षा गंधकाच्या बाबतीत अधिक खरे आहे, कारण ते आलेला रोग हटवण्यापेक्षा येणारा रोग अधिक चांगला अडवते.

ज्यांच्याकडे एकच झाड, घरची म्हैस आणि हाताशी भरपूर वेळ आहे, त्यांनी ताक अवश्य करून पाहावे. माझ्यासारख्या दोन झाडे आणि एक जुना हातपंप असलेल्याने गंधक घेतलेले बरे, असे वाटते. अडचण इतकीच की आमच्याकडे पुडा किलोचा मिळतो आणि हंगामाला माझी गरज जेमतेम दीडशे ग्रॅमची असते. म्हणून यंदा शेजारच्या दोन घरांच्या बोरी आणि माझ्या बोरी एकाच संध्याकाळी फवारायच्या, असे ठरले आहे.