गाण्यातल्या शब्दावर आक्षेप आला: ठेवायचा, म्यूट करायचा, बदलायचा की गाणंच काढायचं?

गाणं बाहेर पडल्यावर एखाद्या शब्दावर आक्षेप आला की चार वाटा असतात. शब्द तसाच ठेवून भूमिका मांडायची, तेवढा शब्द म्यूट करायचा, ओळ बदलून पुन्हा गायची किंवा गाणंच मागे घ्यायचं. पुण्यात घरच्या घरी किंवा तासावर स्टुडिओ घेऊन गाणी करणाऱ्या बहुतेकांना हे स्वतःच ठरवावं लागतं, तेही दोन-तीन दिवसांत.

सगळ्यात आधी बघा, शब्द कोणाला लागतोय आणि तक्रार कोण करतंय. गाण्यात आपल्या कारभारावर टीका झाली म्हणून दमदाटी करणारे वेगळे. आपल्या जातीचं किंवा अपंगत्वाचं नाव शिवी म्हणून ऐकावं लागणारे वेगळे. पहिल्यांसाठी ओळ बदलू नये, दुसऱ्यांसाठी लगेच बदलावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उदाहरण 'कैकाडी' या शब्दाचं घेऊ. गबाळ्या, अडाणी माणसाला पुण्यात हा शब्द सर्रास लावला जातो. बोलणाऱ्याच्या मनात तो समाज नसतोही. पण कैकाडी हा टोपल्या विणणारा समाज आहे, ब्रिटिशांनी त्यांना गुन्हेगार जमात ठरवलं होतं. आज तो विदर्भात अनुसूचित जातींत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. पारधी तर अनुसूचित जमात आहे, त्यामुळे चोरीशी जोडून तो शब्द गायलात तर प्रकरण ॲट्रॉसिटी कायद्यापर्यंत जाऊ शकतं. खाली 'कैकाडी' असलेली एक ओळ धरून चारही वाटा तपासल्या आहेत:

चौकात उभा हा कैकाडी,
बापाच्या पैशाची गाडी.

शब्द तसाच ठेवणं

पैशाच्या हिशेबात ही वाट सर्वांत स्वस्त. शब्द ज्यांच्यावर फेकला जातो त्यांच्यातलाच कलाकार तो गात असेल, किंवा शिवी देणारं पात्र गाण्यात वाईट म्हणूनच उभं असेल, तर शब्द ठेवण्याला बळ आहे. वरच्या ओळीत यातलं काहीच नाही. चौकातल्या श्रीमंत पोराला हिणवायला एका गरीब समाजाचं नाव वापरलंय, एवढंच.

ठेवायचं ठरवलंत तर कायदा माहीत हवा. सार्वजनिक जागी अश्लील गाणं गाऊन इतरांना त्रास दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन अश्लीलतेला आयटी कायद्याचं कलम ६७ लागतं, ते बरंच कडक आहे. जागेचाही परिणाम होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या रॅपवरून एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला होता. थोर व्यक्तींच्या तोंडी शब्द घालत असाल तर आणखी जपून. गांधीजींवरच्या एका मराठी कवितेच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींच्या बाबतीत अश्लीलतेची कसोटी अधिक कठोर धरली.

म्यूट करणं

ही मलमपट्टी आहे आणि तेवढ्यापुरतीच वापरावी. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत, चार ठोक्यांचा बार (ठेक्याचं एक आवर्तन) २.६७ सेकंदांचा. आपली ओळ १६ मात्रांची, एका बारात बसणारी. 'कैकाडी'च्या ६ मात्रा पुसल्या की बरोबर एक सेकंदाचं भोक पडतं, आणि पुढच्या ओळीतली 'गाडी' ऐकताच यमकावरून शब्द सगळ्यांना कळतो. म्हणजे शिवी राहिलीच, शिवाय ती लपवल्याचंही दिसलं. १९९४ च्या 'खुद्दार' चित्रपटातल्या गाण्यात 'सेक्सी'च्या जागी 'बेबी' आलं, तरी लोकांच्या तोंडी मूळ शब्दच राहिला.

यूट्यूबवर जुन्या लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमधून तुकडा कापता येतो, लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. मात्र व्हिडिओ १ लाख व्ह्यूजच्या पुढे गेला असेल आणि चॅनल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये (जाहिरातींतून कमाई देणाऱ्या योजनेत) नसेल, तर हे बदल सेव्ह होत नाहीत. कापायचंच तर अख्खा बार कापा, अर्धा कापलात तर ठेका अडखळतो.

ओळ बदलून पुन्हा गाणं

मेहनत इथे आहे, आणि फळही इथेच. अमेरिकन गायिका लिझोचं एक गाणं १० जून २०२२ ला आलं. त्यातला एक शब्द अमेरिकेत किरकोळ समजला जातो, पण ब्रिटन-ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना तो शिवीसारखा लागतो. १३ जूनला नवी ओळ आली. बियॉन्सेने त्याच शब्दासाठी १ ऑगस्टला बदल जाहीर केला, अल्बम २९ जुलैला आला होता. आपल्याकडे २००७ मध्ये 'आजा नच ले' चित्रपटावर शीर्षकगीतातल्या जातिवाचक ओळीवरून उत्तर प्रदेशात बंदी आली. निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढल्यावर ती उठली.

पर्यायी शब्द शोधताना अर्थाबरोबर मात्रा मोजा. यमक राखायला 'अनाडी' चालतो, पण त्याच्या मात्रा ५. नुसता बसवलात तर ओळ १५ वर संपते आणि गाताना 'अ' ओढावा लागतो. 'हा' काढून 'एक' घाला: 'चौकात उभा एक अनाडी'. पुन्हा १६, यमकही शाबूत.

रेकॉर्डिंग करताना एकटा शब्द गाऊन चिकटवू नका, श्वासासकट पूर्ण ओळ गा. माइक तोच, अंतर तेच. जोड क्रॉसफेडने घ्या, म्हणजे जुना आवाज विरत असताना नवा वर येऊ द्या; ५ ते १० मिलिसेकंद पुरतात. हमखास राहून जातात ते डबल्स (मुख्य आवाजावर पुन्हा गायलेले थर) आणि ॲडलिब्ज (मधेमधे टाकलेले सुटे शब्द). मुख्य आवाज बदलतो आणि मागे दबक्या आवाजात जुना शब्द तसाच वाजत राहतो. म्हणून मूळ सेशन (रेकॉर्डिंगची प्रोजेक्ट फाइल) आणि सुटे ट्रॅक जपलेले हवेत. हातात फक्त मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेली फाइल असेल, तर अख्खं गाणं पुन्हा करावं लागू शकतं.

गीतकार वेगळा असेल तर त्याची लेखी संमती घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क विकले असले तरी, आपल्या प्रतिष्ठेला बाधक बदलांना तो हरकत घेऊ शकतो. वैधानिक परवान्यावर, म्हणजे कायद्यानेच दिलेल्या मुभेवर, दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाऊन केलेल्या कव्हरमध्ये तर हक्कधारकाच्या संमतीशिवाय शब्दांना हात लावता येत नाही.

शब्द बदललेल्या रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) घ्या. त्यामुळे स्ट्रीमिंगवर आकडा शून्यापासून सुरू होतो आणि प्लेलिस्टमधली जागाही जाते. हा तोटा खरा आहे, पण गाणं नवं असताना तो सर्वांत कमी असतो. म्हणूनच उशीर करू नका. एरवी नवी आवृत्ती दिसू लागल्यावर जुनी उतरवतात. शब्द जातीवरचा असेल तर जुनी आधी उतरवा, मधले चार दिवस गाणं नसलं तरी चालेल. लिरिकल व्हिडिओ, सबटायटल्स, ॲपवरचे शब्द आणि थंबनेल यांतूनही जुना शब्द काढा.

सोबतचं निवेदन तीन वाक्यांत पुरे: कोणता समाज दुखावला, कोणती ओळ बदलली, नवी आवृत्ती कधीपासून ऐकता येईल. 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' हे वाक्य गाळा. त्या दुखावल्या आहेत, हे समोरच्याने सांगितलेलं असतं.

गाणं मागे घेणं

अपमान एका ओळीत नसून गाण्याच्या कल्पनेतच असेल, तरच. ध्रुवपदच त्या शब्दावर उभं असेल तर बदल करण्यात अर्थ नाही. इथे फुकट गेलेला खर्च विसरावा लागतो. वितरकाकडून (गाणं ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडून) गाणं काढलं तरी लोकांनी डाउनलोड केलेल्या प्रती फिरत राहतात, तेव्हा निवेदन इथेही हवं.

बदललेल्या गाण्याची खरी परीक्षा स्टेजवर होते. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा मंडळासमोर पोरं जुनाच शब्द ओरडतात, कारण त्यांना तोच पाठ असतो. बॅकिंग ट्रॅकही नवा लावलाय ना, हे साउंडचेकला तपासा. त्या ओळीला माइक गर्दीकडे वळवू नका, नवा शब्द स्वतः ठणठणीत गा.