पट्टीखालचं कलम

मेढ्याजवळ आमची वडिलोपार्जित दहा गुंठे पड जमीन आहे. निवृत्तीनंतर तिथं आपल्याच मातीतली खायची आणि औषधी झाडं लावायची ठरवलं. कुंपणाला करवंद, बांधावर शेवगा, मधे आवळा नि कोकम, त्यांच्या सावलीत शतावरी, जुन्या कडुनिंबावर गुळवेल. वहीत अंतरांसकट आराखडा काढला होता. झाड बघून ओळखायची नजर तेवढी नव्हती.

जूनमध्ये साताऱ्याबाहेर रस्त्याकडेला रोपांचा टेम्पो दिसला. विक्रेत्यानं माझी वही वाचली. एकाही नावाला तो ‘नाही’ म्हणाला नाही, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. कोकमाची आठ कलमं 250 प्रमाणे, शतावरी वीस 40 ला एक, गुळवेलीचे चार वेल 50 प्रमाणे. एकूण 3000. पैसे फोनवरून दिले. पावती मागितली तर म्हणाला, ‘‘काका, झाड जगणं हीच पावती!’’ मी हसलो. हसलो म्हणजे बघा.

लावणीच्या दिवशी भावकीतला आबा खड्डे काढायला आला. कोकमाच्या बुंध्याशी वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. ‘‘कलम हाय का बगू तरी,’’ म्हणत त्यानं ती सोडली. खाली खोड सरळसोट. ना खाच, ना दुसऱ्या झाडाची काडी जोडल्याचा सांधा. आठही तशीच! बियांच्या रोपांना नुसती पट्टी बांधलेली.

यात नुकसान नुसत्या पैशांचं नाही. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं फुलायची वाट बघावी लागते. मादी झाडाच्या काडीचं कलम घेतात ते याचसाठी. तेव्हा पट्टी विकणाऱ्यासमोरच सोडायला लावा. खऱ्या कलमाचा सांधा बोटाला लागतो.

शतावरी निघाली फुलांच्या गुच्छात घालतात ती, झालरीसारख्या पसरट पानांची, शोभेची. सौ.नं ती कुंड्यांत लावली, छान दिसते. गुळवेलीनं मात्र घाम फोडला. खोडावर बारीक पुटकुळ्या, तोडलं की दुधाळ चीक. ती गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात, आणि तिनं यकृताला अपाय होऊ शकतो. सौ. काढ्यासाठी तुकडे करायच्या बेतात होती. चारही वेल उपटून जाळले. खरी गुळवेल आबाच्याच बांधावर फुकट होती.

फोन लावला तर बंद. टेम्पोचा नंबर घेतलेला नाही. फळझाडांच्या रोपवाटिकेला कृषी खात्याचा परवाना लागतो, हे मला नंतर समजलं; तक्रार तरी कोणाविरुद्ध करणार?

कोकमाची रोपं उपटली नाहीत. नीट वाढली की कोकणातल्या पाहुण्यांकडून फळणाऱ्या झाडाच्या काड्या आणून त्यांच्यावरच कलम बांधायचं आहे. आबा म्हणतो, या वेळची पट्टी तो स्वतः बांधणार.