शाळेतच सिक्स्थ फॉर्म की वेगळं कॉलेज?

इंग्लंडमध्ये जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) झाल्यावर, सोळाव्या वर्षी, मुलं आपल्याच शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये (अकरावी-बारावीसारखी शेवटची दोन वर्षं) राहू शकतात किंवा वेगळ्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात जाऊ शकतात. सरकारी असेल तर शिक्षणाची फी दोन्हीकडे नाही.

शाळेत शिक्षक ओळखीचे, गैरहजेरी लगेच घरी कळते. पण विषय मोजके. फर्दर मॅथ्सला (गणिताचा वरचा, वेगळा विषय) चारच मुलं आली तर वर्ग रद्दही होतो, नाहीतर केमिस्ट्री आणि इकॉनॉमिक्स नेमके एकाच तासाला येतात. म्हणून हवे ते तीन ए-लेव्हल (या दोन वर्षांच्या शेवटच्या परीक्षेचे) विषय वेळापत्रकात एकत्र बसतात का, हे ओपन ईव्हनिंगलाच, म्हणजे पालक-मुलांना शाळा दाखवतात त्या संध्याकाळीच, विचारा.

कॉलेजात विषय भरपूर, गणवेश सहसा नाही, मोकळे तासही बरेच. आळशी मुलाचे ते कॅन्टीनमध्येच जातात. बसभाडंही धरा.

ए-लेव्हलला गणित घ्यायचं तर जीसीएसईत कुठे ६, कुठे ७ ग्रेड लागते (९ सर्वांत वरची). दोन्हीकडे अर्ज करून ठेवा, ऑगस्टच्या निकालाने बेत बदलू शकतो. आणि निकालाच्या टक्केवारीआधी पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली ते विचारा: कच्ची मुलं मध्येच गळाली, की आकडे आपोआप देखणे दिसतात.